एकटं राहण्याचा सराव

१

आधी पिल्लासाठी टोपली आणली की आधी ते रेकॉर्डिंग केलं, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही. डायरीत दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत, एकीखाली एक, पण वेळ लिहिलेली नाही. वेळ लिहिली नाही म्हणून मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना फैलावर घेतलं, आणि स्वतःवर आली तेव्हा मीच विसरलो. टोपली आधी आली असेल, तर पहिल्या दिवशीच्या आवाजाचा थोडाफार उलगडा होतो. वेताची नवी टोपली कोरड्या हवेत आपली आपण कुरकुरते. टोपली नंतर आली असेल, तर मला काही म्हणायचं नाही.

मी मोजमापातल्या चुका शिकवत असे. सगळ्यांत बेभरवशाचं उपकरण म्हणजे मोजणारा माणूस, असं पहिल्याच तासाला सांगायचो आणि मुलं हसायची. तेव्हा माझ्या आठवणीला फार मान देऊ नका. एवढंच सांगतो, की जे घडलं ते भर दुपारी घडलं आणि माझ्या डोळ्यांवर चष्मा होता.

पिल्लू हिला हवं होतं. लग्न झाल्यापासून हवं होतं, आणि मी लग्न झाल्यापासून नाही म्हणत होतो. आधी घर लहान होतं, मग मुलगी लहान होती, मग माझा प्रबंध, मग माझा दमा, जो पुढे दमा नव्हताच असं निघालं. सत्तरीला टेकल्यावर माझी कारणं संपली. हिने पिल्लं विकणाऱ्या एका बाईंकडे परस्पर नाव नोंदवलं आणि मला येऊन म्हणाली, "कुत्री गाभण आहे. आता काय नवीन शोधून काढताय ते बघू."

मी काही शोधून काढलं नाही. हिच्याच छातीत पाणी झालं. नऊ दिवस दवाखान्यात होती. दहाव्या दिवशी मी घरी एकटा होतो.

पिल्लं त्यानंतर सहा दिवसांनी झाली. बाईंचा फोन आला. "पाच आहेत. तुमच्या मिसेसना म्हणावं, पहिली निवड त्यांची."

"ती आता नाही," मी म्हणालो.

"परगावी गेल्यात का?"

"नाही."

पलीकडे कुत्री भुंकली. बाई तिला दटावून परत फोनवर आल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "मग नाव काढू का यादीतून?"

मी नको म्हणालो. का, ते मुलीलाही सांगता आलं नाही.

"बाबा, तुम्हाला कुंडीला पाणी घालायचं लक्षात राहत नाही," ती फोनवर म्हणाली. "कुत्रं कसलं पाळताय?"

"कुंडी मागत नाही. कुत्रं मागेल."

"मागेल, आणि तुम्ही त्याला आधी भुकेची व्याख्या विचाराल."

हे ती अगदी आईसारखं म्हणाली. दोघांच्याही ते लक्षात आलं.

२

बाईंनी मला दोन छापील पानं दिली. 'पिल्लू येण्याआधी' असं एकावर, 'पिल्लू आल्यावर' असं दुसऱ्यावर. सूचना सोप्या होत्या. मला लेखी सूचना आवडतात. त्या काळात तर कुणी मला उठा, बसा, पाणी प्या असंही लिहून दिलं असतं तर मी उपकार मानले असते.

पहिलीच सूचना अशी, की गुडघ्यांवर रांगत सगळं घर फिरा आणि पिल्लाच्या उंचीवरून बघा. मी गुडघ्यांना जुने टॉवेल बांधले आणि रांगलो. वायरी वर बांधल्या, फिनेल माळ्यावर टाकलं, हिचे शिवणाचे डबे कपाटात बंद केले. पलंगाखाली भिंतीच्या कडेला एक हिरवी गोळी सापडली. ही गोळी घेतली म्हणून तिने मला शपथेवर सांगितलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसून तिला चार शब्द सुनावले. मग आवाज बंद केला, कारण घरात कुणी नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दाराला बुटकं फाटक बसवायला सुतार आला.

"कुत्रं केवढं आहे, सर?"

"यायचंय अजून."

"जात कुठली?"

"मध्यम."

"मध्यम जात आजच ऐकली." त्याने माझ्याकडे बघितलं. मी चौकट तिसऱ्यांदा मोजत होतो. "सर, किती वेळा मोजलं तरी लाकूड तेवढंच राहतं."

"माप बदलतं," मी म्हणालो.

"मोजणारा थकला की बदलतं," तो म्हणाला आणि माझ्या हातातून टेप काढून घेतली. चांगला माणूस होता. जाताना त्याने फाटकाच्या कडा दोनदा घासल्या, पिल्लाच्या हिरड्यांना कुसळ लागू नये म्हणून.

दुसऱ्या पानावर शेवटी एक मथळा होता: 'एकटं राहण्याचा सराव'. तो मजकूर मला पाठ आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यापासून एकटं राहण्याची सवय लावा. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. जाताना निरोप घेऊ नका. दाराबाहेर थांबून ऐका. जमल्यास आवाज रेकॉर्ड करा. ते रडत असेल तर आत जाऊ नका, नाहीतर रडलं की माणूस येतं हे ते शिकेल. शांत झालं की मगच आत जा. गेल्यावर दोन मिनिटं थांबा; तोवर त्याच्याकडे बघू नका, बोलू नका, हात लावू नका.

३

कुठलंही उपकरण वापरण्याआधी त्याचं शून्य तपासतात. काट्यावर काही न ठेवता काटा शून्यावर उभा राहतो का, ते बघतात. मी तेच केलं. दुसरा कुणी हे करणार नाही हे मला कळतं. पिल्लू यायला तीन आठवडे असताना रिकाम्या घराचं रेकॉर्डिंग कोण करतं? पण रिकामं घर कसं वाजतं हे ठाऊक नसेल, तर पुढे जे ऐकू येईल त्यातलं पिल्लाचं किती आणि घराचं किती, हे कसं ठरवणार?

व्याख्यानांसाठी वापरायचो तो लहान रेकॉर्डर मी दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर ठेवला, दार ओढून घेतलं, रस्त्यापलीकडच्या बाकावर दहा मिनिटं बसलो आणि परत आलो. मग टेबलाशी बसून कानांना हेडफोन लावले.

दार लागलं. किल्ली. माझा खोकला, जिना उतरणारी माझी पावलं. मग फ्रिज. शेजारच्यांचा नळ. एक मिनिट चाळीस सेकंदांपर्यंत घर घरासारखंच होतं.

मग झोपण्याच्या खोलीतून कुणीतरी चालत आलं.

अनवाणी. एक पाऊल पूर्ण, दुसरं जरा ओढलेलं. घाई नव्हती. पावलं रेकॉर्डरच्या अगदी जवळ येऊन थांबली. मग भिंतीला हात टेकल्याचा आवाज, आणि गुडघे दुखणारा माणूस जमिनीवर बसताना सोडतो तसा श्वास. त्यानंतर आठ मिनिटं दाराशी कुणीतरी नुसतं श्वास घेत होतं. खालून माझी पावलं जिना चढू लागली तसा तो श्वास अडला. किल्ली फिरली. मग काही नाही. फक्त मी, चपला काढताना, स्वतःशी पुटपुटतोय.

मी हेडफोन काढून दाराकडे बघितलं. पायपुसणं होतं. सरळ होतं.

एक वाचन म्हणजे वाचन नव्हे. वरच्या मजल्याचे आवाज भिंतीतून उतरतात. टोपली, आली असेल तर, कुरकुरते. आणि हेडफोनमध्ये स्वतःच्याच कानातलं रक्त ऐकू येतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. टोपली गॅलरीत ठेवून केलं. फ्रिज बंद करून केलं, त्यात दूध नासलं. प्रत्येक वेळी पावलं आली. प्रत्येक वेळी दाराशी येऊन बसली.

चौथ्या दिवशी फ्रिज बंदच ठेवून मी बाकावर वीस मिनिटं बसलो. त्या रेकॉर्डिंगमध्ये बाराव्या मिनिटाला रडणं सुरू होतं. मोठ्याने नाही. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तोंडावर पदर दाबून रडावं, तसं.

४

मी ते मुलीला पाठवलं. काय ऐक ते सांगितलं नाही; सांगितलं असतं तर तिच्या कानावर परिणाम झाला असता.

संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, यात काही नाहीये. फ्रिज आहे."

"त्या दिवशी फ्रिज बंद होता."

"मग नळ असेल. वारा असेल." ती थांबली. "एक विचारू? जाताना तुम्ही 'आलोच हं' कुणाला म्हणालात?"

"मी काही म्हणालो नाही."

"म्हणालात. अगदी सुरुवातीला, दार लावायच्या आधी. 'आलोच हं, दहा मिनिटांत.'"

मी पुन्हा लावून बघितलं. माझाच आवाज होता. चारही रेकॉर्डिंगमध्ये होता. मी पावलांसाठी एवढा कानात तेल घालून बसलो होतो, की आधीची दोन सेकंदं ऐकलीच नव्हती.

"बाबा, मी येऊ का तिकडे राहायला?"

"बाकी काही ऐकलं नाहीस तू?"

ती नाही म्हणाली. लगेच म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. त्यानंतर तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. दोघं पावसात एका आडोशाला उभं राहावं तसे त्या फोनवर उभे होतो.

५

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी हिला बरं वाटत होतं. उशीला टेकून बसली होती. खालच्या खिडकीवर एक फॉर्म भरून द्यायचा होता. मी म्हणालो, "आलोच हं, दहा मिनिटांत."

"लवकर या," ती म्हणाली. "मला इथं एकटीला नको वाटतं."

"दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं."

"तुमची का माझी?" ती म्हणाली. माझी दहा मिनिटं कशी असतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

फॉर्म सहा मिनिटांत झाला. घड्याळ बघितलं होतं म्हणून सांगतो. मग मी दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उन्हात उभा राहिलो. तिथे औषधांचा वास नव्हता. एक बाई गाडी मागे घेत होती आणि तिचा नवरा हातवारे करून तिला चुकीचं सांगत होता. मी ते बघत राहिलो. मला बरं वाटत होतं. नऊ दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं, आणि पाय आत वळत नव्हते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. दुसऱ्यांदा घड्याळ बघितलंच नाही.

वर गेलो तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

६

तेव्हा मी काय करायला हवं होतं? मला या गोष्टींतलं काही कळत नाही. कुणाला विचारावं तर समोरचा आधी माझ्या झोपेची चौकशी करणार. माझ्याजवळ फक्त ती दोन पानं होती. दाराशी बसून रडणाऱ्या जिवाचं काय करायचं, हे जगात तेवढ्या एकाच कागदावर मला स्पष्ट लिहिलेलं सापडलं होतं.

घरातून बाहेर पडायचंच नाही, हाही एक उपाय होता. दोन दिवस मी तो केला. पण घरात मी असताना काहीच होत नसे. ती फक्त मी गेल्यावर होती. मी घरात बसून राहणं म्हणजे तिला पुन्हा पडद्याआड ठेवण्यासारखं वाटायला लागलं. आणि दूध, औषधं, पिल्लू आणायला जाणं, हे कधीतरी करावंच लागणार होतं. प्रत्येक वेळी तिने दाराशी येऊन बसायचं आणि मी यायचं नाही, असं किती दिवस?

म्हणून मी सराव सुरू केला. दोन मिनिटं. मग पाच. 'आलोच' म्हणायचं नाही म्हणून बाहेर पडताना ओठ दातांत धरून ठेवत असे. बाहेर, लाकडाला कान लावून उभा राहत असे. आता रेकॉर्डरची गरज उरली नव्हती. दारापलीकडे, माझ्या मांडीच्या उंचीवर, तिचा श्वास ऐकू येई.

रडत असेल तर आत जायचं नाही. पाच मिनिटांचा सराव काही वेळा पंचवीस मिनिटं चाले. माझ्या हातात किल्ली असे.

एकदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ गच्चीवर जायला वर आले. "काय सर, किल्ली विसरलात?"

"नाही. पिल्लाला एकटं राहायची सवय लावतोय."

"अरे वा. आणलंत का?" त्यांनीही कौतुकाने दाराला कान लावला.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यातला माणूस कमी कमी होत गेला.

"लहान आहे वाटतं अजून," ते हळूच म्हणाले आणि गच्चीवर न जाताच खाली उतरले. त्यानंतर जिन्यात भेटले की ते आधी मला वाट देत.

७

पिल्लू यायला चार दिवस होते. दहा मिनिटांचा सराव. ऊन जिन्याच्या खिडकीतून थेट दारावर पडलेलं.

त्या दिवशी रडणं नवव्या मिनिटाला थांबलं. मी मनात साठपर्यंत मोजलं आणि किल्ली फिरवली. दार नेहमीसारखं उघडलं नाही. अडलं, आणि मग कुणीतरी कष्टाने थोडं सरकून जागा करावी, तसं उघडलं.

बघू नका. मी नजर समोरच्या भिंतीवर ठेवली. तिथे कॅलेंडर होतं, आणि त्या महिन्यातले वार मी आजही सांगू शकतो. चपला काढायला वाकलो नाही, पायानेच सरकवल्या. पण माणसाच्या नजरेला कडा असतात. डाव्या कडेला, खाली, पायपुसण्यावर कुणीतरी बसलेलं होतं. मला एक टाच दिसली, सुजलेली, कातडी ताणून चकचकीत झालेली. आणि एक हात वर आला.

तो पकडायला आला नव्हता. ही जमिनीवर बसली की तिला आपली आपण उठता येत नसे. हात वर करायची, मी धरायचो, दोघं मिळून 'हं' म्हणायचो आणि ती उठायची. गेली बारा वर्षं. हात तसाच वर आला, तळवा माझ्याकडे करून, आणि थांबला.

हात लावू नका, असं लिहिलं होतं.

मी कॅलेंडरकडे बघत स्वयंपाकघरात गेलो, फाटक ओलांडलं आणि ओट्याला धरून उभा राहिलो. कागदावर दोन मिनिटं थांबा असं होतं. मी दोन मिनिटं मोजली. मग वळलो. पायपुसणं सरळ होतं.

८

दुसऱ्या दिवशी पावलं आली नाहीत.

मी दाराला कान लावून दहा मिनिटं उभा होतो, मग वीस. मग बाकावर जाऊन चाळीस मिनिटं बसलो आणि रेकॉर्डिंग ऐकलं. फ्रिज. नळ. एकदा खिडकीची काच किंचित थरथरली. शून्य म्हणतात ते हेच. कागदाप्रमाणे सराव यशस्वी झाला होता.

त्या दिवशी मी अकरा वेळा बाहेर गेलो. शेवटच्या काही वेळा दारात उभं राहून मोठ्याने म्हणालो, "आलोच हं. दहा मिनिटांत." मुद्दाम उशीर केला. मुद्दाम लवकर आलो. एकदा आत येऊन पायपुसण्याशेजारी जमिनीवर बसलो आणि हात वर करून बघितलं. मग उठता येईना. कपाटाला धरून उठलो.

तीन दिवसांनी पिल्लू आणलं. मुलगी आली होती. तिनेच ते मांडीवर घेतलं. तांबूस, एक कान दुमडलेला. घरात आल्यावर ते सगळ्या खोल्या हुंगत फिरलं, फाटकाला दात लावून बघितले आणि टोपलीत झोपलं. दाराकडे फिरकलंही नाही.

"बघा, किती शहाणं आहे," मुलगी म्हणाली. "आईला फार आवडलं असतं."

मी त्याच कागदाप्रमाणे त्याला सवय लावली. दोन मिनिटं, पाच, दहा. ते एकदाही रडलं नाही. सगळी रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत.

त्या शांततेवर मी पुढची वर्षं काढली. ती सावरली असेल, असं मी मनाशी धरून चाललो. तिला माझी वाट बघण्यातून सोडवलं, निदान एवढं तरी माझ्या हातून झालं, असं. नवऱ्यांकडून याहून कमीच होतं.

९

कुत्रा नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याचा एक दात काढावा लागला. त्याला दिवसभर दवाखान्यात ठेवायचं होतं. पशुवैद्य तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "एकटा राहतो का, काका?"

"राहतो. लहान असल्यापासून. कधी रडला नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. ऐकलंय मी."

तिने त्याच्या मानेखाली हात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. "रडत नाही म्हणजे त्रास होत नाही, असं नसतं हं काका," ती सहज म्हणाली. "काही पिल्लं फार लवकर गप्प होतात."

मी घरी आलो. पुस्तकं काढली. प्राण्यांच्या शरीरक्रियेवर आयुष्य घालवलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला पत्र लिहिलं, आणि त्याचं उत्तर आल्यावर खात्रीसाठी दुसऱ्याला लिहिलं. दोघांनीही तेच कळवलं. त्या पशुवैद्य मुलीचं बरोबर होतं. एकट्या ठेवलेल्या गप्प पिल्लाचं काळीज रडणाऱ्या पिल्लाइतकंच धडधडत असू शकतं. त्याने फक्त बोलावणं सोडलेलं असतं.